नाक्यावरचा दांडा आणि कोकिळेची आखाजी

मी एक जुना सागाचा दांडा आहे. आयुष्यभर लोकांनी मला बांबू म्हटले. ड्रायव्हर लांबून ओरडायचे, "ए, बांबू वर घे!" साक्रीच्या डोंगरात साठ पावसाळे उन्हात-वाऱ्यात उभा राहिलेला अस्सल साग मी, आणि मला बांबू! सुरुवातीला फार राग यायचा. पुढे तेच नाव कानाला गोड लागू लागले. माणसाचेही असेच होते, नाही का मित्रांनो? घरच्यांनी ठेवलेले वेडेवाकडे नावच शेवटी आपले वाटते.

मी झाड होतो तेव्हाची आठवण अजून मधूनमधून येते, विशेषतः दुपारी, ऊन डोक्यावर आले आणि डोळा लागल्यासारखे झाले की. साक्रीहून पश्चिमेला निघाले की रस्ता डोंगरात शिरतो, वळणे घेतो, आणि एका खिंडीपलीकडे गुजरात लागते. मी नेमका त्या खिंडीच्या तोंडाशी उभा होतो. माझी काही मुळे महाराष्ट्रातले पाणी प्यायची आणि काही गुजरातचे. वारा इकडून आला की माझी पाने तिकडे पडायची. वारा तिकडून आला की इकडे. कोणत्याही पानाला कधी कोणी विचारले नाही की बाबा, तू कुठला. मोहाची फुले पडली की दोन्हीकडच्या बाया टोपल्या घेऊन यायच्या, आणि वास तर काय, त्याला हद्द माहीतच नव्हती.

मग एकदा मोजणीवाले आले, साखळ्या ओढल्या आणि दगड रोवला. विक्रीकराचा नाका इथेच बसायचा असे ठरले. नाक्याला आडवे घालायला सरळ लाकूड हवे होते, आणि सरळपणात माझा हात धरणारे त्या खिंडीत दुसरे कोणी नव्हते. सरळ असण्याचे फळ मला मिळाले. मला तोडले, सोलले, तासले. एका टोकाला मोठा दगड बांधला, दुसऱ्या टोकाला दोरी. अंगाला तांबडे-पांढरे पट्टे मारले. दोरी खाली ओढून आकड्याला अडकवली की मी आडवा होऊन रस्ता बंद करायचो. दोरी सोडली की दगडाच्या वजनाने आपोआप वर जायचो. म्हणजे बघा, अडवायला जोर लागायचा. सोडायला फक्त मूठ उघडावी लागायची.

त्या काळी प्रत्येक राज्याची कराची यादी वेगळी होती. एकच वस्तू डोंगराच्या या अंगाला एका रकान्यात आणि त्या अंगाला दुसऱ्या रकान्यात. इकडे जिला कर नाही तिला तिकडे आहे, तिकडे जिला कागद लागत नाही तिला इकडे लागतो. मला त्यातले काही कळायचे नाही. मला वास कळायचे. मिरचीचा ट्रक आला की दगडसुद्धा शिंकेल असे वाटायचे. केळीचा ट्रक थांबला की हिरवा, थंड वास यायचा आणि मला वाटायचे, आपल्याला पुन्हा पाने फुटतील. कौले, कापड, मीठ, पेंड, सगळे माझ्या पोटाखालून गेले. गंमत म्हणजे या बाजूला जो वास यायचा तोच त्या बाजूला यायचा. रकाना बदलला म्हणून मिरची काही कमी तिखट झाली नाही.

दोरीवर दोन माणसे होती, दिवसा नवल आणि रात्री वना. वनाशी माझी फारशी ओळख झाली नाही, कारण रात्री मी पेंगायचो. नवल मात्र माझा सोबती. तो नाक्यापासून तीन-चार किलोमीटर वरच्या पाड्यावरचा. उंच, हडकुळा, कमी बोलणारा. दोरी ओढून ओढून त्याच्या उजव्या हाताची मूठ अशी झाली होती की मोकळी असतानाही अर्धी मिटलेलीच राहायची. दर वर्षी दिवाळीच्या आधी तो स्वतः मला रंग द्यायचा. नवरदेवाला हळद लावावी इतक्या हळुवारपणे. साहेब लोक यायचे, बदलून जायचे. नवल तिथेच.

नवलला एकच लेक, कोकिळा. तिला दिली गुजरातमध्ये, नाक्यापासून अवघ्या अकरा किलोमीटरवर. लग्नानंतरची तिची पहिली आखाजी आली. खानदेशात आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. अक्षय्य तृतीयेला सासरवाशिणी माहेरी यायच्या, निंबाला झोके बांधायचे, गौराईची गाणी म्हणायची, आमरस आणि खापरावरचे मांडे खायचे. तिकडे बाप्ये पत्त्यांचे डाव मांडून बसतात आणि इकडे पोरी झोक्यावर बसून आभाळाला पाय लावतात. पण लेक अशी आपसूक येत नाही. माहेराहून कोणीतरी मुराळी होऊन न्यायला जावे लागते, भाऊ नाहीतर बाप. मुराळी नाही तर सासरचे धाडत नाहीत, आणि धाडले तरी मानी पोर येत नाही.

कोकिळेला भाऊ नव्हता, आणि बापाच्या हातात दोरी होती. सणाच्या दिवसांत नाक्याला गर्दी आणि नवलला सुट्टी नाही. रात्री वना आल्यावर नवल मोकळा व्हायचा, पण रात्री कोण लेक धाडतो? पहिली आखाजी गेली, दुसरी गेली, तिसरीही गेली. त्या दिवशी नवल दोरी धरून गुजरातकडे तोंड करून बसायचा. अकरा किलोमीटर! पाखराच्या दोन उड्या! घरी मंजुळाबाई, त्याची बायको, निंबाला झोका बांधायची आणि संध्याकाळी रिकामाच सोडायची. मला त्याचे फार वाईट वाटायचे. मीच तर त्याला बांधून ठेवले होते.

चौथी आखाजी जवळ आली. जळगावजवळच्या असोद्याचा चुडामण आठवड्यातून दोनदा केळीचा ट्रक घेऊन गुजरातेत जायचा. बोलका, पोटाने सुखी, मिशीला तेल लावणारा माणूस. कागद तपासून होईपर्यंत तो नवलशी तंबाखू मळत बसायचा. त्या दिवशी नवल एकदम म्हणाला, "चुडामणभाऊ, मनं एक काम करशात का? मनी अंडेरले, कोकिळाले, लेवाले जाशात का? मुराळी व्हईसन."

चुडामणच्या हातातली तंबाखू सांडली. "अरे नवलभाऊ, मी ट्रकवाला माणूस! मुराळी बैलगाडीत गेला, एस्टीत गेला. ट्रकमध्ये मुराळी कोनी पाह्यला आहे का?"

"नही पाह्यना," नवल म्हणाला. "पन दुसरं कोन शे माले?"

चुडामणने कागद घेतले आणि ट्रक चालू केला. पण आखाजीच्या आदल्या दिवशी ट्रक आला तेव्हा तो ओळखू येईना. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, आणि केबिनमध्ये नारळ, चोळीचा खण आणि आंब्यांची पाटी. मी वर जाताना त्याने मला हात जोडले. इतक्या वर्षांत मला कोणी हात जोडले नव्हते.

सासरी काय झाले ते त्यानेच पुढे कितीदा रंगवून सांगितले. कोकिळेच्या सासऱ्याने विचारले, "तुमचे नाते काय?" चुडामण म्हणाला, "भाऊ." सासरा म्हणाला, "कधीपासून?" चुडामण म्हणाला, "कालपासून. पन आता कायमचा." म्हातारा हसला, आणि लेक निघाली.

केळी उतरवून ट्रक रिकामा कशाला आणायचा, म्हणून चुडामणने परतीला सरकीच्या पेंडीची पोती भरली होती. आखाजीच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ट्रक माझ्यासमोर येऊन थांबला. केबिनमध्ये हिरवी साडी नेसलेली कोकिळा. नवलचा चेहरा असा उजळला की मला वाटले, दगड नसतानाही मी वर जाईन.

तेव्हा नाक्यावर राजदीप साहेब होते. तरुण, पहिलीच नेमणूक, जळगावच्या कॉलेजात शिकलेले. त्यांनी पेंडीचे कागद पाहिले, पुन्हा पाहिले, आणि कपाळावरचा घाम पुसला.

"चुडामणभाऊ, हा कागद तिकडच्या यादीप्रमाणे बरोबर आहे. त्यांच्याकडे ही पेंड गुरांचे खाद्य म्हणून मोकळी आहे. आमच्या यादीत ती वेगळ्या रकान्यात आहे. इकडे यायला वेगळा कागद लागतो. व्यापाऱ्याकडून मागवा, मग सोडतो."

चुडामणने फोन लावला. व्यापाऱ्याचे दुकान सणामुळे बंद. तो गावाला गेलेला. उद्या नाहीतर परवा येणार.

"साहेब, पेंड इकडची गुरे खातील तर ती खाद्य नाही का?" चुडामण म्हणाला.

"खाद्यच आहे हो," राजदीप साहेब कळवळून म्हणाले. "पण यादी मी लिहिलेली नाही. दोन्हीकडे एकच यादी असती तर आपण सगळे आज घरी असतो."

नवल पुढे झाला. लेकीला म्हणाला, "पोरी, खाले वाकीसन निंघी ये. माणूसले पावती नही लागत."

खरेच होते. ती मुकाट्याने माझ्याखालून निघून आली असती तर तासाभरात झोक्यावर बसली असती. पण कोकिळा खाली उतरली, चुडामणच्या बाजूला उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊले रस्तामा टाकीसन मी कशी येऊ, बा? तो माले लेवाले उना. घरपावत लई जाई, मंगच त्यानं काम सरी."

चुडामणने तिला खूप समजावले. तो म्हणाला, मी सख्खा भाऊ नव्हे, भाड्याचा आहे. ती म्हणाली, भाऊ भाड्याने मिळत नसतो. यावर त्याने तिला बसायला ट्रकजवळ रिकामे पोते अंथरले.

दुपार झाली. ऊन रस्त्यावर पाण्यासारखे हलू लागले. मालाचा ट्रक सोडून चुडामणला इकडेही येता येईना आणि तिकडेही जाता येईना, आणि ट्रकच्या सावलीत कोकिळा बसलेली. चार पावलांवर बाप. मध्ये मी. मित्रांनो, मी लाकूड आहे, मला रडता येत नाही. पण त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. ज्या खिंडीत माझी पाने विचारल्याशिवाय पडायची, तिथे मी एका लेकीला अडवून पडलो होतो. मनात आले, दोरी जुनी आहे, तुटावी. दोरी काही तुटली नाही.

राजदीप साहेब आत जेवायला गेले. नवल उठला. त्याने आकड्यावरची दोरी काढली आणि नुसती हातात धरली. दगडाचा सगळा भार त्याच्या मुठीत आला. नुसती मूठ उघडायची. मी वर, ट्रक इकडे, लेक घरी. आणि नोकरी? ती गेली असती. नवलने कोकिळेकडे पाहिले. तिने हळूच मान हलवली. नाही, बा.

नवलने दोरी पुन्हा आकड्याला अडकवली. मग तो खाली बसला आणि तोंडावर गमछा घेतला.

एका मोटरसायकलवाल्याकडून पाड्यावर निरोप गेला होता. उन्हे उतरली आणि डोंगराच्या पाऊलवाटेने गाण्याचा आवाज येऊ लागला. आधी मला वाटले, मी स्वप्न बघतो आहे. माझ्या झाडपणीही अशीच गाणी यायची. पण खरोखरच बाया येत होत्या, दहा-बारा जणी. पुढे मंजुळाबाई, डोक्यावर मांड्यांची दुरडी. मागे कोणाकडे रसाचे पातेले, कोणाकडे पाण्याची घागर. झोका सोडून सगळी आखाजीच नाक्यावर चालत आली होती.

मंजुळाबाईने सगळे ऐकून घेतले. लेकीकडे पाहिले, चुडामणकडे पाहिले, आणि माझ्याकडे पाहिले. म्हणाली, "चुडामणभाऊले आखो कोनतं घर दखाडानं शे? जठे बाप उभा ऱ्हास, तठेच बापना उंबरा."

आणि तिने माझ्या अंगाला हळद लावली, कुंकू लावले. अगदी मधोमध, पांढऱ्या पट्ट्यावर. मी उंबरा झालो!

राजदीप साहेब बाहेर आले ते थांबलेच. सरकारी दांड्यावर कुंकू! क्षणभर सगळ्यांना वाटले, आता झाले. ते जवळ आले आणि म्हणाले, "याची नोंद करायला माझ्याकडे रकाना नाही." मग पायातले बूट काढून बाजूला उभे राहिले.

कोकिळा वाकून खाली येऊ लागली, तशी मंजुळाबाई कडाडली. "वाकू नको! पहिलांदा आखाजीले माहेर येस ती पोर वाकीसन नही येवाव."

राजदीप साहेबांनी एकदा ट्रककडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग हळूच म्हणाले, "नवलभाऊ, दांडा अर्धा वर घ्या. ट्रकला नाही. लेकीला."

इतक्या वर्षांत मी एकतर पूर्ण खाली होतो नाहीतर पूर्ण वर. अर्धा कधीच नव्हतो. नवलने दोरी बोटाबोटाने सोडली. मी ट्रकच्या टपाच्या खाली आणि माणसाच्या डोक्याच्या वर येऊन थांबलो. त्याने दोरी धरून ठेवली होती, सगळा जोर लावून, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते ते पुसायला त्याच्याकडे हात नव्हता. मंजुळाबाईने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातले. चुडामणने टोपी नीट केली, कोकिळेला माझ्यापर्यंत आणले आणि म्हणाला, "घ्या भाऊ. तुमची लेक तुमच्या दारात पोचवली." ती ताठ मानेने माझ्याखालून चालत आली, बापाला बिलगली, आणि मी पुन्हा खाली आलो.

कायदा मोडला नाही. पेंडीचे एक पोतेही पुढे सरकले नाही. चुडामणने नाक्यावर बसून सात मांडे खाल्ले, साहेबांनी दोन खाल्ले. दिवस बुडायच्या आत कोकिळा निंबाखालच्या झोक्यावर होती, असे नवलने मला दुसऱ्या दिवशी सांगितले. कागद तिसऱ्या दिवशी आला. तोवर दोन्ही वेळची भाकरी कोकिळेने स्वतः ट्रकपाशी आणून दिली. तेव्हापासून चुडामण दर आखाजीला पांढरा सदरा घालतो.

त्या दिवाळीला नवलने मला रंग दिला तेव्हा हळदीकुंकवाची चार बोटे जागा तशीच सोडली. पुढच्या वर्षीही सोडली. साहेब बदलले, कोणाच्या लक्षात आले नाही.

मग सन सतराचा जुलै आला. सगळ्या देशाची कराची यादी एक झाली, असे म्हणाले, आणि नाका उठला. एका दुपारी दोरी सोडली ती सोडलीच. मी आभाळाकडे तोंड करून उभा राहिलो. ट्रक न थांबता जाऊ लागले. पण गंमत बघा, जुने ड्रायव्हर नाक्याजवळ आले की अजून ब्रेक दाबायचे, खिशाकडे हात न्यायचे, आणि मग ओशाळे हसून पुढे जायचे. पेट्रोलचे तेवढे अजून जुळलेले नाही. तिकडे स्वस्त, इकडे महाग, म्हणून पाड्यावरची पोरे टाकी भरायला खिंड ओलांडतात. बाकी वास पूर्वीसारखेच मोकळे झाले.

सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला, खोटे कशाला बोलू? पण ज्याचे काम संपले त्याच्याकडे कोण बघतो? नवल मजुरीला जाऊ लागला. एका वादळात मी आडवा झालो आणि गवतात पडून राहिलो. मुंग्या आल्या, वेल आले. माझे रंग उडाले. मी झोपायचो, आणि स्वप्नात कधी झाड असायचो, कधी उंबरा. दांडा मात्र कधीच नसायचो.

मागच्या उन्हाळ्यात रस्ता रुंद करायला माणसे आली. रस्त्याकडेची झाडे तुटली, त्यात वर पाड्यापाशी मंजुळाबाईचा निंबही गेला. डांबर तापवायला त्यांना लाकूड हवे होते. मला ओढून ढिगावर टाकले. माझ्या टोकावर कुऱ्हाडीचा एक घाव बसला. दुसरा बसणार इतक्यात कोणीतरी ओरडले, "थांबा रे भाऊ!"

नवल होता. केस पांढरे झालेले. झोका बांधायला झाड उरले नव्हते आणि कोकिळेची पोर, मयुरी, या आखाजीला पहिल्यांदा झोक्यावर बसणार होती. म्हणून तो माझ्या शोधात आला होता. तो गुडघ्यावर बसला आणि गमछ्याने माझ्या अंगावरची माती पुसू लागला. पट्टे ओळखू येत नव्हते. पण मधोमध चार बोटे पिवळसर डाग निघाला. त्यावर त्याने हात ठेवला आणि कितीतरी वेळ तसाच बसला. माझ्या बदल्यात त्याने मजुरांना बाभळीची दोन ओझी फोडून दिली.

आता मी त्याच्या अंगणात दोन खांबांच्या बेचक्यांवर आडवा आहे. माझ्या अंगाला दोन दोर आहेत, आणि दोरांच्या फळीवर मयुरी.

मित्रांनो, तुमच्या गावातही कुठेतरी असा एखादा जुना दांडा, दगड, खांब गवतात पडला असेल. जाळण्याआधी त्याच्यावरची माती एकदा पुसून बघा. कोणाचा तरी उंबरा असेल तो. एवढेच माझे मागणे आहे.

काल आखाजी होती. कोकिळा झोका देत होती. चुडामण ओट्यावर बसून आंबा चोखत होता. मयुरीने वर जाता जाता विचारले, "आबा, गुजरात कठे शे?"

नवल म्हणाला, "तू आते गई ना, तठेच."

"आनि महाराष्ट्र?"

"तू परत उनी ना, तठे."

ती खिदळली आणि अजून जोरात गेली, खिंडीकडे, आणि परत आली, आणि पुन्हा गेली. तिला कोणी थांबवले नाही. मी नवलकडे पाहिले. तो खाटेवर बसला होता, उजवी मूठ नेहमीसारखी अर्धी मिटलेली. झोका खाली आला की ती घट्ट व्हायची, जुन्या सवयीने. आणि नात वर गेली की उघडायची.